तारेला माया

"बाई, दोरी गजात अडकती म्हणून थांबती. पण हवेतल्या लाटेला अडकायला अंग हाय काय?"

आठवीतल्या मुलीनं हे विचारलं तेव्हा दोरीचं एक टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या. मध्ये आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घराच्या जिन्याची खिडकी, उभ्या लोखंडी गजांची. हा प्रयोग मी अकरा वर्षं करत आले होते. दोरी वर-खाली हलवली की लाट गजांच्या फटीतून सरळ पलीकडे जाते. डावी-उजवी हलवली की गजांवर आपटते आणि तिथंच मरते. एवढं दाखवून झालं की मी सांगायची, रेडिओच्या लाटेलाही असंच उभेपण-आडवेपण असतं. पाठवणाऱ्याची अँटेना उभी असेल तर लाट उभी निघते, म्हणून ऐकणाऱ्यानंही आपली अँटेना उभीच धरायची. मुलं माना डोलवायची आणि आम्ही पुढं सरकायचो.

त्या रविवारी पुढं सरकता आलं नाही.

उत्तर मला ठाऊक असायला हवं होतं. तारांच्या जाळीबद्दल बी.एस्सी.ला असताना चार ओळी वाचल्या होत्या. पण ते वाचलेलं आणि ही दोरी कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. दोरी इतकी सुरेख पार व्हायची की शंकेला जागाच उरत नसे. मी म्हटलं, "लावून बघू."

आमच्या गच्चीवर रविवारी सकाळी हॅम रेडिओचं शिकणं-शिकवणं चालतं. शाळेतून निवृत्त व्हायच्या आधीपासून चालू आहे. सहा-सात मुलं, एक आयटीआयचा मुलगा, आणि करवीर तालुक्यातून मोटारसायकलवर येणारे एक शेतकरी दादा, ज्यांना पोरांपेक्षा जास्त प्रश्न पडतात. हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संवाद. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, मग आपल्या नावाची कॉलसाइन, म्हणजे हवेतली ओळख, मिळते. भारतात ती बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते. वयाची बारा वर्षं पुरी झाली की परीक्षेला बसता येतं. परवाना हाती येईपर्यंत मुलांनी ऐकायचं, मोजायचं, जोडायचं. बोलायचं बटण माझ्या हातात.

आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त आवडते ती अँटेना. रेडिओचा संच विकत आणावा लागतो. अँटेना ही दोन तारांची गोष्ट आहे, ती कुणालाही करता येते. माझ्या वडिलांचं उद्यमनगरात मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. ऊस भिजवणाऱ्या पंपांच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांतली करपलेली तार निघायची आणि नवी भरली जायची. त्याच तांब्याची एक लांब तार त्यांनी गच्चीवरून शेजारच्या नारळापर्यंत ताणली होती, सिलोन ऐकायला. त्यांचा शब्द 'एरियल'. पुढं टीव्ही आला तेव्हा अख्ख्या पेठेनं एरियलचा प्रयोग केला. एक जण छपरावर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्या!" "आता?" "आलं आलं… गेलं!" कुणी शिकवलं नव्हतं, पण गल्लीतल्या पोरासोराला माहीत होतं की त्या आडव्या काड्यांना तोंड असतं आणि ते तोंड एका ठरावीक दिशेला धरावं लागतं. त्या काड्यांच्या रचनेला यागी म्हणतात. जपानमध्ये सेंदाईच्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास ती मांडली. मेहनत उदांची मोठी, नाव मात्र यागींचं राहिलं. मी मुलांना दोन्ही नावं सांगते, उदांचं आधी.

तर, खिडकी.

आमच्याकडं एक छोटं साधन आहे. सोळा-सोळा सेंटिमीटरच्या दोन तांब्याच्या तारा एका रेषेत, मध्ये लाल एलईडी, आणि एलईडीला उलट्या बाजूनं जोडलेला एक साधा डायोड. सेल नाही, बॅटरी नाही. मी हातातला पाच वॅटचा संच ४३५ मेगाहर्ट्झवर लावते, कॉलसाइन सांगते आणि दोन-तीन सेकंदच बटण दाबते. अर्ध्या मीटरवर धरलेला तो दिवा लागतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा मला दर वेळी नवा वाटतो. हवेतून काहीतरी आलं आणि दिवा लागला, याला दुसरा पुरावा लागत नाही. तारा आडव्या केल्या की दिवा विझतो, उभ्या केल्या की लागतो. संचाच्या अँटेनेचं टोक डोळ्यांपासून लांब ठेवायचं, हा नियम मात्र कडक.

खिडकीच्या अलीकडं मी, पलीकडं ती मुलगी. गज उभे, माझी अँटेना उभी, तिच्या तारा उभ्या. दोरीच्या हिशेबानं दिवा लागायला हवा होता. लागला नाही. नीट पाहिलं तर अगदी मंद, असून नसल्यासारखा. मग मी संच आडवा धरला, तिनं तारा आडव्या केल्या. दोरी याच ठिकाणी आपटून मरत होती. दिवा लख्ख लागला.

"उलटंच झालं की वो बाई!"

उलटंच झालं. आणि मला आठवतंय, त्या क्षणी मला लाज वाटली नाही, अंगावर काटा आला. अकरा वर्षं जी खिडकी मी दाखवत होते, तिनं आज पहिल्यांदा स्वतःचं उत्तर दिलं होतं.

आयटीआयचा मुलगा समाधानी नव्हता. "खिडकीला आडवी पट्टी पण हाय. तिनं काय केलं नसंल कशावरनं?" शंका अगदी रास्त. म्हणून पुढच्या रविवारपर्यंत त्यानं एक मीटर लांबी-रुंदीची लाकडी चौकट करून आणली. वडिलांच्या दुकानातलं शेवटचं रीळ मी जपून ठेवलं होतं, ते काढलं. चौकटीवर तीन-तीन सेंटिमीटरवर खिळे ठोकून आम्ही तांब्याच्या तारा ताणल्या, सगळ्या एकाच दिशेनं, आडवी एकही नाही. चौकट मधे उभी केली. तारा उभ्या, दिवा गुल. चौकट तशीच पाव वळण फिरवली, तारा आडव्या झाल्या, दिवा लागला. पुन्हा फिरवली, गुल. शेतकरी दादांनी ती चौकट दहा-बारा वेळा तरी फिरवली असेल. कुणीच त्यांना थांबवलं नाही.

लाटेला अंग नसतं, पण तारेत पळायला तयार असलेले इलेक्ट्रॉन असतात. उभी लाट म्हणजे वर-खाली ढकलणारा विजेचा जोर. उभ्या तारेत इलेक्ट्रॉनना त्या दिशेनं पळायला लांबी मिळते, ते पळतात, आणि तारेत वीज खेळली की ती तार स्वतःच लाट सोडू लागते. ही नवी लाट पुढच्या बाजूला मूळ लाटेला मारून टाकते आणि मागच्या बाजूला परत फेकते. आडव्या तारेत वर-खाली पळायला जागाच नाही, जाडी ती काय मिलिमीटरभर. म्हणून लाट सुखानं पार होते. म्हणजे गज लाटेला अडवत नव्हते, गज अँटेना झाले होते. हे मी फळ्यावर काढलं तेव्हा त्या मुलीनं खिडकीकडं, मग गच्चीच्या लोखंडी कठड्याकडं, मग समोरच्या घराच्या ग्रिलकडं पाहिलं. "म्हंजे ही सगळी अँटेना हाईत?" हो, सगळीच. आपण सांगितलेल्या लांबीची नाहीत, एवढंच.

त्या आठवड्यात मी हाइनरिख हर्ट्झचे प्रयोग पुन्हा उघडले. रेडिओ लाटा आहेत हे ज्यानं पहिल्यांदा प्रयोगानं दाखवलं तो जर्मन शास्त्रज्ञ, ज्याच्या नावानं आपण मेगाहर्ट्झ म्हणतो. १८८८ मध्ये कार्ल्सरूहला त्यानं नेमकी हीच चौकट केली होती. त्याची अष्टकोनी, दोन मीटर उंच. तांब्याच्या तारा एक मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून तीन सेंटिमीटरवर. त्याची लाट सुमारे ६६ सेंटिमीटरची, आमची ६९. आम्ही न वाचता त्याच मापाला पोचलो होतो, कारण जाळीतली फट लाटेच्या मानानं बारीक हवी हे त्यालाही हवं होतं आणि आम्हालाही. त्यानंतर थोड्याच वर्षांत कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस मिलिमीटरांत मोजायच्या लाटांवर काम करत होते. त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात पानापानांमध्ये कथलाचा वर्ख घालून अशीच चाळणी केली. पुस्तक उभं धरलं की एक उत्तर, आडवं धरलं की दुसरं. दोघांनीही हाताशी होतं ते वापरलं.

माझ्याकडून गजांचा प्रयोग शिकून गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना मी त्याच रात्री कळवलं की तो चुकीचा होता, आणि चौकटीचा फोटो पाठवला. एकीनं उत्तर दिलं की ती आता स्वतः शिकवते आणि गेल्याच महिन्यात तिनं वर्गात दोरी गजांतून काढली होती. चूक किती लांब जाते ते बघा.

दोरी मी सोडलेली नाही. तिचं काम दुसरं आहे आणि ते ती चोख करते. एक टोक पाण्याच्या टाकीच्या नळाला बांधायचं आणि दुसरं हातानं हलवत राहायचं. ठरावीक वेगाला दोरीत एक मोठं पोट उभं राहतं. वेग दुप्पट केला की दोन पोटं आणि मध्ये एक गाठ, जिथं दोरी हलतच नाही. मधल्या वेगांना दोरी नुसती चिडल्यासारखी तडफडते. मुलांच्या हाताला हे कळतं, की दोरीला तिचा स्वतःचा एक वेग मानवतो. अर्ध्या लाटेच्या तारेत वीज अशीच खेळते. टोकाला पुढं रस्ता नाही म्हणून तिथं प्रवाह शून्य, मध्यभागी पोट. म्हणून जोडणी मध्यावर करायची. टोकांना प्रवाह नसला तरी दाब चढलेला असतो. संध्याकाळी मोठा संच सुरू असताना अँटेनेच्या टोकाजवळ जुनी ट्यूबलाइट धरली की ती कशालाही न जोडता उजळते. ती मीच धरते, लाकडी काठीला बांधून. कारण त्या टोकाला हात लागला तर चटका बसतो आणि तो चटका खोलवर जातो.

दोरीचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. जाड काथ्याच्या दोरीला कपडे वाळत घालायची पातळ नायलॉनची दोरी बांधायची आणि झटका द्यायचा. गाठीपाशी लाट फुटते. थोडी पुढं जाते, थोडी परत आपल्या हातावर येते. केबल आणि अँटेना यांचा मेळ बसला नाही तर असंच होतं. किती लाट परत येते हे सांगणारा एसडब्ल्यूआर नावाचा आकडा मीटरवर दिसतो, पुस्तकात त्याचं सूत्र असतं, मुलं ते पाठही करतात. पण परत आलेला झटका ज्यानं एकदा मनगटावर घेतलाय त्याला तो आकडा दुखरा वाटतो, आणि तसाच वाटायला हवा.

आता तारेच्या मापाबद्दल. माझी आई शिवणकाम करायची. झंपर बेतताना ती कापड मापापेक्षा जरा जास्त ठेवायची, शिलाईच्या आत. त्याला माया म्हणतात. "कापड कापता येतं बाई, जोडता येत नाही. माया ठेव." अँटेनेचं अगदी तसंच आहे.

या हिवाळ्यात आम्ही ४० मीटर, म्हणजे साधारण ७ मेगाहर्ट्झच्या, पट्ट्यासाठी अँटेना केली. प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळजवळ तीस कोटी मीटर, म्हणून ३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला सव्वाबेचाळीस मीटर. तिच्या निम्म्यातून तारेच्या टोकांच्या परिणामापोटी साधारण पाच टक्के वजा करायचे. थोडक्यात, १४३ भागिले ७.१, म्हणजे वीस मीटरच्या किंचित वर. शिवाजी पेठेत वीस मीटर सरळ गच्ची कुणाची असणार? मध्य टाकीवरच्या बांबूला उंच बांधला आणि दोन्ही हात उतरत्या छपरासारखे खाली आणले. तार घेतली २० मीटर ६० सेंटिमीटर, मायेसकट.

पहिल्या मोजमापात तार ६.९४ मेगाहर्ट्झला जुळली. कमी आकडा म्हणजे तार लांब. दोन्ही टोकांची दहा-दहा सेंटिमीटर कापली. ७.०१ आलं. आता कापायला सगळेच उतावीळ झाले होते, पण सातवीतल्या एका मुलानं पक्कड धरून ठेवली. "थांबा. वीस सेंटिमीटर कमी केल्यावर सत्तर किलोहर्ट्झ वर गेलं. अजून नव्वद पायजेत. म्हंजे सव्वीस. एका बाजूला तेरा." त्यानं हे त्रैराशिकानं काढलं होतं, सूत्र न वापरता. लांबी आणि वारंवारता यांचं व्यस्त प्रमाण त्याच्या शाळेत त्या महिन्यात 'मजूर आणि दिवस' या गणितांतून चाललं होतं. तेरा-तेरा कापले. मीटरची सुई ७.०९ वर बुडाली. त्यानं पक्कड खाली ठेवली आणि हात पँटला पुसले, सुतार काम संपल्यावर पुसतो तसे.

अँटेना मला नुसती हौस का वाटत नाही, त्याचं कारण २०१९ चा ऑगस्ट आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. आमच्या भागातली वीज गेली, मग मोबाईलही गप्प झाला. माझा एक परवानाधारक विद्यार्थी शहराबाहेरच्या निवारा छावणीत होता, हातात पाच वॅटचा संच. माझ्याकडं संचाच्या रबरी दांडीवर नुसती खरखर. ती दांडी म्हणजे आत गुंडाळलेली आखूड तार. सोयीची असते, पण पोच कमी. त्यातून मी घरात, चार भिंतींत. मग ४९-४९ सेंटिमीटरच्या वायरिंगच्या दोन तारा केबलच्या टोकाला जोडल्या, बांबूला उभ्या बांधल्या आणि बांबू टाकीला. संच स्कूटरच्या बॅटरीवर. या लाटा जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळं उंचीला फार किंमत. त्याचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. इन्सुलिन, दोन तान्ह्या बाळांसाठी दूध पावडर, रक्तदाबाच्या गोळ्या, असं करत यादी मी जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली आणि पावसातच खाली उतरले. ते पान अजून आहे. म्हणून माझ्या वर्गात प्रत्येकाला दोन तारांची अँटेना वीस मिनिटांत बांधता यायलाच हवी, मीटर नसताना, नुसत्या वितीनं मोजून.

रंकाळ्यावर आम्ही वर्षातून दोनदा लपवलेला प्रेषक, म्हणजे लाटा सोडणारा संच, शोधतो, त्याबद्दल थोडंच सांगते. पोलादी मोजपट्टीचे तुकडे प्लॅस्टिकच्या पाइपवर बसवून तीन काड्यांची यागी होते, दुमडली तरी मोडत नाही. ती फिरवत, आवाज कुठं वाढतो ते बघत मुलं पळतात. ज्याच्याकडं यागी नाही त्यानं संच छातीशी धरून स्वतःभोवती फिरायचं. आवाज सर्वांत कमी झाला की प्रेषक पाठीमागं, कारण मधे आपलंच अंग. गेल्या खेपेला तिघं जण संध्यामठाच्या बाजूनं थेट एका इमारतीच्या भिंतीपर्यंत गेले. लाट त्या भिंतीवरून उलटून येत होती. भिंतीला हात लावून ते परत फिरले, आणि आठवीतल्या त्या मुलीनं तिथंच सगळ्यांना समजावलं की भिंतीत लोखंड आहे, लोखंडात इलेक्ट्रॉन पळतायत. मला बोलावंच लागलं नाही.

४० मीटरची अँटेना झाल्यावर गच्ची आवरताना कापलेले चार तुकडे खाली पडलेले सापडले. दोन दहा सेंटिमीटरचे, दोन तेराचे. तांबं मी टाकत नाही, डब्यात ठेवते. त्या मुलीनं विचारलं, "बाई, हे दहाचं तुकडं कशाची अर्धी लाट?" मी म्हटलं, भाग. तिनं जमिनीवर खडूनं १४३ ला ०.१ नं भागलं. १४३० मेगाहर्ट्झ.

मी क्षणभर तिच्या आकड्याकडंच बघत राहिले. आकाशातला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर बोलतो, २१ सेंटिमीटरची लाट. आकाशगंगेच्या बाहूंचा आकार माणसानं त्याच लाटेवर ऐकून काढला. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, ती लाटही ऐकतात. आणि तिच्या हातात पडलेला आमच्या मायेचा तुकडा त्याच मापाचा होता, शेकडा एकाचाही फरक नाही.

खोडद विज्ञान दिनाला सगळ्यांसाठी खुलं असतं. पहाटेच्या कुठल्या एसटीनं पुण्याला जायचं आणि पुढं नारायणगावची गाडी कुठं धरायची, हे शेतकरी दादा लगेच आयटीआयच्या मुलाला सांगू लागले. मुलीनं एक तुकडा डब्यात टाकला. दुसऱ्याची वाकलेली टोकं दगडावर ठेवून सरळ केली, पट्टीवर पुन्हा एकदा मोजला आणि कंपासपेटीत ठेवला.